‘बाय हूम?’ : रोजच्या इंग्रजीत पॅसिव्ह नेमकं कुठे वापरतात?

डॉक्सवाली_बेलापूर

नमस्कार मंडळी. प्रश्न इंग्रजीचा आहे, पण नीट विचारता मराठीतच येतो, म्हणून इथे टाकतेय.

मी बेलापूरला एका कस्टम ब्रोकरच्या ऑफिसात डॉक्युमेंटेशन बघते. न्हावा शेवाला उतरणारे कंटेनर, बिल ऑफ एंट्री, डिलिव्हरी ऑर्डर आणि दिवसाला साठ-सत्तर मेल. शाळा ठाण्यातली, मराठी माध्यम. इंग्रजी जे काय येतं ते मेल लिहून लिहून आलंय. ग्रामरची वही दहावीनंतर उघडलेली नाही.

मागच्या मंगळवारी काय झालं, आमच्या इथल्या नवीन मुलाने ई-संचितवर, म्हणजे कस्टम्सची कागदपत्रं चढवायच्या पोर्टलवर, एका शिपमेंटचा जुना इन्व्हॉइस चढवला. रक्कम जुळेना म्हणून कस्टम्सची क्वेरी आली. कंटेनर दोन दिवस सीएफएसमध्ये (बंदराबाहेरच्या कंटेनर यार्डात) पडून, भाडं चालू. त्या पार्टीचं लॉजिस्टिक्स बघणारा माणूस इंग्लंडमध्ये बसतो. त्याला मी लिहिलं, ‘द राँग इन्व्हॉइस वॉज अपलोडेड.’ पाच मिनिटांत उत्तर. दोन शब्द आणि प्रश्नचिन्ह: ‘बाय हूम?’

मला काही सुचेचना. साहेबांना दाखवलं तर ते म्हणाले, पॅसिव्ह लिहूच नका, मी किती वेळा सांगितलंय. आमच्या कॉम्प्युटरवरचं ते स्पेलिंग-ग्रामर तपासणारं सॉफ्टवेअरही पॅसिव्ह दिसला की खाली निळी रेघ मारतं. ठीक आहे. पण हाच गोरा फोनवर काय बोलतो ते मी कागदावर उतरवून ठेवलंय. ‘वी वेअर टोल्ड फ्रायडे.’ ‘इट्स बीइंग लुक्ड इन्टू.’ ‘आय गॉट टोल्ड ऑफ फॉर धिस.’ एका कॉलमध्ये तीन! म्हणजे त्याने केला तर चालतो आणि मी केला की ‘बाय हूम’?

शाळेत ‘बाय मी, बाय हिम’ करून मार्क मिळवलेत. ते ‘बाय’ मात्र खरं इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडी मला क्वचितच ऐकू येतं. मग हा पॅसिव्ह ते लोक वापरतात कुठे आणि आपलं चुकतं कुठे? कोणी जरा नीट सांगेल का?

ऐरोली_फ्लेमिंगो

‘बाय गॉड’ असं उत्तर पाठवून द्यायचं होतं.

गंमत सोडा. साहेब बरोबर आहेत. पॅसिव्ह म्हणजे पळवाट. ज्याने केलं त्याचं नाव आधी लिहायचं, विषय संपला. मी सात वर्षं आयटीत आहे, आम्हाला ट्रेनिंगमध्ये हेच सांगितलं गेलं.

नौपाड्याच्या_बाई

फ्लेमिंगोराव, ‘सांगितलं गेलं’ म्हणालात. कोणी सांगितलं? बघा, तुम्हालाही ती पळवाट लागली, आणि तीही मराठीत.

डॉक्सवाली, तू ठाण्याच्या शाळेतली म्हणतेस म्हणून ‘अगं’ म्हणते, रागावू नकोस. मी मराठी शाळेत 31 वर्षं इंग्रजी शिकवलं. त्यातला किती काळ ‘चेंज द व्हॉइस’ तपासण्यात गेला ते विचारू नकोस. ‘अ मँगो इज ईटन बाय राम.’ एक मार्क. पृथ्वीच्या पाठीवर हे वाक्य जेवताना कोणी बोलत असेल असं मला तेव्हाही वाटत नव्हतं. पण पेपरात यायचं, म्हणून शिकवायचं. तुझ्या गोंधळात आमचाही हात आहे.

त्यात दुसरा घोळ मराठीच्या तासाला व्हायचा. ‘रामाने आंबा खाल्ला’ हा आपला कर्मणी, कारण ‘खाल्ला’ आंब्यामागे चालतो. चिंच असती तर ‘खाल्ली’ झालं असतं. मुलांना वाटायचं कर्मणी म्हणजेच पॅसिव्ह. पण इंग्रजीत तेच वाक्य ‘राम एट अ मँगो’, अगदी सरळ ॲक्टिव्ह. इंग्रजी पॅसिव्हशी ज्याचं खरं नातं आहे तो आपला ‘मारला गेला’, ‘करण्यात आलं’वाला, ज्याला व्याकरणात नवीन कर्मणी म्हणतात. तो आपण घरात फारसा वापरत नाही, सरकारी पत्रात आणि बातम्यांत वापरतो. जुन्या मराठीत ‘करिजे’, ‘बोलिजे’ अशी सुटसुटीत रूपं होती. ती आपण घालवली, असो.

मग घरात आपण काय करतो? तू ऑफिसातून फोन करून सांगतेस, ‘मला आत बोलावलंय.’ कोणी बोलावलंय? साहेबाने, आणखी कोणी! ते सांगायची गरज नाही, म्हणून तू सांगत नाहीस. मराठीत कर्त्याचा पाट रिकामा ठेवूनही पंगत बसते. इंग्रजीत तो पाट रिकामा चालत नाही. ‘हॅव कॉल्ड मी’ असं वाक्यच होत नाही. मग एक तर कुठले तरी मोघम ‘दे’ आणून बसवायचे, नाहीतर ‘मी’लाच उचलून तिथे बसवायचं: ‘आय हॅव बीन कॉल्ड इन.’ बोलण्यातल्या इंग्रजी पॅसिव्हचा मोठा हिस्सा हा एवढाच आहे. तुझा साहेब ज्याला वाईट सवय म्हणतो ती ‘बोलावलंय, काढलंय, सांगितलंय, पाठवलंय’ची इंग्रजी सोय आहे. म्हणून तर तुला ‘बाय’ ऐकू येत नाही. बहुतेक वेळा ते नसतंच.

‘बाय’ येतं ते कर्त्याचं नाव हीच खरी बातमी असते तेव्हा. तुमच्या गावाचंच घे. ‘नवी मुंबई वॉज बिल्ट बाय सिडको.’ इथे सिडको काढलंस तर वाक्यात उरलं काय? किंवा नावांची लांबलचक शेपटी असली की इंग्रजी ती शेवटी ढकलतं: खाडीपलीकडे नवं शहर वसवावं ही कल्पना ‘वॉज पुट फॉरवर्ड बाय’ चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल. तीन नावं आधी घेऊन मग क्रियापदाला येईपर्यंत ऐकणाऱ्याला धाप लागते.

आता तुमच्या मेलमधली खरी चूक सांगते. ती पॅसिव्ह लिहिल्याची नसते, अर्धाच लिहिल्याची असते. माझा भाचा वाशीला ट्रान्सपोर्टमध्ये आहे, त्याचे मेल मी बघितलेत. ‘द मीटिंग हॅज कॅन्सल्ड.’ ‘द मटेरियल हॅज डिलिव्हर्ड.’ डोक्यात काय असतं? ‘मीटिंग रद्द झाली, माल डिलिव्हर झाला.’ आपलं ‘झालं’ सगळीकडे फिरतं, म्हणून ‘बीन’ गळतं. मी मुलांना एक युक्ती द्यायचे. ‘कोणी?’ विचारून बघायचं. मीटिंग कोणी रद्द केली? प्रश्न शोभतो, म्हणजे ‘हॅज बीन कॅन्सल्ड’. माल कोणी डिलिव्हर केला? हाही शोभतो, म्हणजे ‘हॅज बीन डिलिव्हर्ड’. पण ‘माल पोचला’ म्हणायचं असेल तर? माल कोणी पोचला? हा प्रश्न वेडगळ आहे, म्हणजे नुसतं ‘हॅज अराइव्हड’. याच युक्तीने ‘ॲक्सिडंट वॉज हॅपन्ड’ही सुटतं. अपघात कोणी घडला असं आपण विचारत नाही, तेव्हा ‘वॉज’ काढ आणि ‘ॲक्सिडंट हॅपन्ड’ लिही. काही क्रियापदं दोन्हीकडची असतात, भाव ‘हॅज इन्क्रीज्ड’ही होतो आणि ‘हॅज बीन इन्क्रीज्ड’ही. पहिल्यात तो आपोआप चढला, दुसऱ्यात कोणीतरी चढवला. रिक्षाचं भाडं नेहमी दुसऱ्या प्रकारचं.

तुझा गोरा म्हणाला ना, ‘वी वेअर टोल्ड फ्रायडे’? इथे आपली मंडळी ‘टू अस इट वॉज टोल्ड’ करतात, कारण मराठीत ‘आम्हाला’ हे काही केल्या ‘आम्ही’ होत नाही. ‘आम्ही सांगितले गेलो’ म्हटलं तर लोक हसतील. इंग्रजीत मात्र ज्याला दिलं, सांगितलं, विचारलं, पाठवलं, तो खुशाल कर्त्याच्या जागी बसतो. ‘आय वॉज टोल्ड’, ‘शी वॉज आस्क्ड’, ‘ही वॉज गिव्हन अ वीक’. ही तीन-चार पाठच कर, दिवसात दहादा लागतील.

बाकी रात्री लिहिते, कुकरची तिसरी शिट्टी झाली.

रबाळे_क्यूसी

बाई, वाचतोय. मी इथल्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये आहे. आमच्याकडे उलट आहे. पॅसिव्ह नाही लिहिला तर ऑडिटर हटकतो. ‘द सॅम्पल वॉज हीटेड टू 60 डिग्रीज.’ कोणी तापवलं ते वाक्यात कधीच नसतं. आणि लपवायचंय म्हणून नव्हे. त्याच ओळीत उजवीकडे दोन रकाने असतात, ‘डन बाय’ आणि ‘चेक्ड बाय’. तिथे सही, तारीख, वेळ. खाडाखोड केली तर एक रेघ मारून पुन्हा सही. कर्ता वाक्यातून हाकललाय, पण रकान्यात पक्का बांधून ठेवलाय. ताई, तुमच्या मेलला तो रकाना नव्हता, म्हणून त्याने विचारलं असेल.

बोलण्या-लिहिण्यातला फरक आकड्यांतही आहे. 1999 साली लाँगमनचं इंग्रजीचं जाडजूड व्याकरण निघालं. त्यात गप्पांमधल्या क्रियापदांत पॅसिव्ह साधारण 2 टक्के आणि शास्त्रीय लेखनात 25 टक्के असं मोजलंय. दिवसभर पंचवीसवाल्या इंग्रजीत राहून संध्याकाळी कोणाशी इंग्रजीत बोललो तर मी पंचनामा वाचतोय असं वाटतं. बायकोचं मत आहे हे.

नौपाड्याच्या_बाई

क्यूसी, ‘डन बाय’चे रकाने फार आवडले. शिकवत असताना सुचले असते तर बरं झालं असतं.

आता ‘गॉट’. डॉक्सवाली, ‘आय गॉट टोल्ड ऑफ’ला मराठीत काय म्हणशील? ‘मला ओरडा बसला.’ आपल्याकडे यासाठी छोटी छोटी क्रियापदं आहेत. दंड बसला, मार खाल्ला, मोबाईल चोरीला गेला, बढती मिळाली, लॉटरी लागली. कोणीतरी केलंच आहे, पण आपलं लक्ष ज्याच्यावर ते येऊन आदळलं त्याच्याकडे असतं. इंग्रजीत या सगळ्यांसाठी ते एकच ‘गॉट’ वापरतात: गॉट फाइन्ड, गॉट बीटन, गॉट स्टोलन, गॉट प्रमोटेड. भलं किंवा बुरं काहीतरी ‘घडलं’ असलं की ‘गॉट’ शोभतं. नुसती स्थिती असेल तर नाही. ‘द आन्सर गॉट नोन’ असं कोणी म्हणत नाही. फोनवर बिनधास्त वापर, अनोळखी पार्टीच्या मेलमध्ये ‘वॉज’ बरं.

अजून एक, आणि हे मला सगळ्यात लाडकं. ठाण्यात गोखले रोडने चालताना पाट्या वाच. ‘साडीला फॉल-बीडिंग करून मिळेल.’ ‘लॅमिनेशन करून मिळेल.’ करणारा दुकानात मशीनमागे बसलाय, पाटीत तो नाही. पाटीत तू आहेस, मिळवणारी. तू घरी येऊन म्हणतेस, ‘फॉल लावून घेतला.’ हे इंग्रजीत ‘आय गॉट द फॉल डन’ किंवा ‘आय हॅड इट डन’. आपल्याकडची अर्धी मुलं सलूनमधून येऊन ‘आय कट माय हेअर’ सांगतात. ऐकणाऱ्याला वाटतं, पोराने घरी आरशासमोर कात्री चालवली.

‘इट्स बीइंग लुक्ड इन्टू’ बद्दल एक जुनी गोष्ट. हे ‘इज बीइंग’वालं रूप तसं नवं आहे. अठराव्या शतकात घर बांधणं चालू असलं की इंग्रज ‘द हाउस इज बिल्डिंग’ म्हणायचा. ‘इज बीइंग बिल्ट’ त्या शतकाच्या शेवटाकडे येऊ लागलं, आणि पुढच्या शतकात भाषेच्या सोवळ्यातल्या लोकांनी त्यावर काय काय आगपाखड केली! भ्रष्ट, ओबडधोबड, असह्य. आज त्याच्याशिवाय पान हलत नाही. विमानतळ ‘इज बीइंग बिल्ट’ हे उलवेकरांनी किती वर्षं ऐकलं ते त्यांनाच विचार.

ऐरोली_फ्लेमिंगो

बाई, ‘सांगितलं गेलं’वर पकडलंत, मान्य. पण माझा मूळ मुद्दा सोडत नाही. ‘मिस्टेक्स वेअर मेड’ जगप्रसिद्ध आहे की नाही? जबाबदारी झटकायची असली की नेते हेच वापरतात. आपल्या स्टेशनवर रोज ऐकतोच. ठाण्याला दोन नंबरवर उभं राहिलं की हिंदीत निदान ‘हमें खेद है’ असतं. इंग्रजीत ‘इनकन्व्हीनियन्स कॉज्ड इज डीपली रिग्रेटेड’. गैरसोय कोणी केली ते नाही, खेद कोणाला ते पण नाही. आपला खेद तेवढा खरा!

नौपाड्याच्या_बाई

स्टेशनचं अगदी मान्य. त्या वाक्यात माणूस औषधालाही नाही.

‘मिस्टेक्स वेअर मेड’चं मात्र थोडं वेगळं आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी जानेवारी 1987 च्या भाषणात इराणला गुपचूप शस्त्रं विकल्याच्या प्रकरणावर ‘सीरियस मिस्टेक्स वेअर मेड’ म्हटलं, खरंय. पण त्याच परिच्छेदात, त्याच्या जरा आधी, त्यांनी ‘मी जोखीम घेतली, ती फसली, जबाबदारी पूर्ण माझी’ अशा अर्थाचंही म्हटलंय. लोकांच्या लक्षात पॅसिव्ह तेवढा राहिला. त्यांच्याही आधी, 1876 मध्ये, राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, पाठवलेल्या आपल्या शेवटच्या वार्षिक संदेशात ‘मिस्टेक्स हॅव बीन मेड’ लिहिलं, पुढे ‘मी कबूल करतो’ असंही जोडलं, आणि लगेच सांगितलं की चुका बहुतेक हाताखालची माणसं निवडण्यात झाल्या. म्हणजे कबुली दिली आणि बोटही दुसरीकडे दाखवलं. त्यात पॅसिव्हचा काय दोष?

उलट मी म्हणेन, लपवायला पॅसिव्ह तसा कच्चा. ‘वॉज अपलोडेड’ म्हटलं की कोणीतरी अपलोड केलंय हे त्यात उघडच असतं. ‘बाय’ची जागा मोकळी दिसते, म्हणून तर तो गोरा तिथे बोट ठेवून ‘बाय हूम?’ विचारू शकला. खरं लपवायचं असेल तर आपल्या मराठीला तोड नाही. ‘नजरचुकीने राहून गेलं.’ ‘जरा गडबड झाली.’ कोणी राहून गेलं असं विचारताच येत नाही! इंग्रजीतही ‘ॲन एरर ऑकर्ड’ आहे. व्याकरणाने शुद्ध ॲक्टिव्ह. डॉक्सवाली, ते तुझ्या सॉफ्टवेअरला घालून बघ, निळी रेघ येते का.

डॉक्सवाली_बेलापूर

बाई, घालून बघितलं. ‘ॲन एरर ऑकर्ड ड्युरिंग अपलोड.’ रेघ नाही! आणि खाली ‘युवर कंटेनर हॅज बीन रिलीज्ड’ लिहिलं, जी आमच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली बातमी, तिला रेघ. साहेबांना बोलावून दाखवलं. ते बघत राहिले आणि म्हणाले, बरं, तुमचं तुम्ही ठरवा.

त्या गोऱ्याला पाठवलेला मेल तुम्हाला वाचून दाखवते. ‘माय टीम अपलोडेड द ओल्ड इन्व्हॉइस अँड आय डिड नॉट चेक इट. द करेक्ट वन वॉज अपलोडेड ॲट टेन धिस मॉर्निंग. द क्वेरी हॅज बीन क्लोज्ड.’ चूक झाली तिथे आम्ही आहोत, पुढच्या दोन वाक्यांत कोणी केलं याच्याशी त्याला देणं-घेणं नाही. मुलाचं नाव मुद्दाम घातलं नाही, तीन आठवड्यांपूर्वी लागलाय बिचारा. आणि तपासायचं काम माझंच होतं.

उत्तर आलं, ‘थँक्स. अप्रिशिएटेड.’

भाड्याचं बिल अजून यायचंय, ते कोणाच्या माथी बसतं बघू.

बाई, जाता जाता एक. आत्ताच फोन आला, त्याच पार्टीचा दुसरा कंटेनर स्कॅनिंगला लागलाय. ‘गॉट सिलेक्टेड फॉर स्कॅनिंग’ लिहू का?

नौपाड्याच्या_बाई

‘लागलाय’ म्हणालीस ना, म्हणजे मनात ‘गॉट’च आलं, कान तयार झाला तुझा. पण मेल आहे, आणि मंगळवारचं ताजं आहे. ‘हॅज बीन सिलेक्टेड’ लिही. आणि तो किती वाजेपर्यंत सुटेल ते त्याच मेलमध्ये टाक, तो तेच विचारणार आहे.